मर्ज होण्यापुरता ब्लोअर

मला हायवेवर मर्ज होता येईना, म्हणून माझ्या नवऱ्याने ट्रकला सुपरचार्जर बसवला.

वाक्य सरळ आहे. पण ते ऐकून आमच्या पार्सिपनीच्या मराठी मंडळातले लोक अजूनही हसून गडबडा लोळतात आणि पुढच्याला सांगताना थोडं तिखटमीठ लावतात. (मागच्या संक्रांतीला मी ट्रक हवेतून उडवल्याचं मी माझ्याच कानांनी ऐकलं!) तेव्हा म्हटलं, मूळ पदार्थ आपणच एकदा वाढावा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्हाला न्यू जर्सीत येऊन बरीच वर्षं झाली होती. मी भंडारा जिल्ह्यातली, केमिस्ट्रीत एमएस्सी. हे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. (स्थळ आलं तेव्हा माझ्या आईला त्यातलं ‘इंजिनिअर’ तेवढं ऐकू आलं आणि वडिलांना ‘पुणे’. पुढे दोघांचंही बरोबर निघालं.) लग्न होऊन अमेरिकेत आल्यापासून माझ्या केमिस्ट्रीचा उपयोग दही किती आंबलंय ते ओळखण्यापुरता उरला होता. आणि अशात मला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली! नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसातला हजर व्हायचं. मी ते पत्र देवापुढे ठेवलं, साखर ठेवली, आणि मग नकाशा उघडला.

लॅब दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवरून वीस मिनिटांवर होती. आतल्या रस्त्यांनी गेलं तर सव्वा तास, शिवाय दर सिग्नल लाल आणि दर वळणावर शाळेची बस. आमची एकुलती एक कार ह्यांच्या कारपूलमध्ये उलट दिशेला जायची. माझ्यासाठी उरला होता तो म्हणजे आमचा जुना पिकअप ट्रक. घराचं सामान हलवायला म्हणून घेतलेला, मागे उघडा हौदा, पुढे एकच लांब सीट, आणि रंग मूळचा कोणता यावर दुमत. गिअर ऑटोमॅटिक होते, तेवढीच काय ती त्याची चांगली बाजू.

आता अडचण अशी, की हायवेवर चढायला धावत्या गाड्यांच्या रांगेत मर्ज व्हावं लागतं. मर्ज होणं म्हणजे मराठीत विलीन होणं. आपल्याकडे माणूस आयुष्यात एकदाच विलीन होतो, तोही अनंतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो. इथे मला रोज सकाळी सातला विलीन व्हायचं होतं, आणि संध्याकाळी परत एकदा.

ह्यांनी शिकवायला सुरुवात केली. हे शेजारी बसले, मी हायवेवर चढायच्या रॅम्पवर ट्रक घातला.

“वसू, दाब!”

“दाबलंय!”

“अजून दाब!”

“पाय तळाला टेकला! आता काय भोक पाडून रस्त्यावर ठेवू?”

ट्रक कण्हला. डावीकडून गाड्या सूं सूं करत निघाल्या होत्या, रॅम्प संपत आला होता, आणि ट्रकचा काटा पस्तिशीच्या पुढे जाईना. मी करायचं तेच केलं. रॅम्पच्या टोकाला ब्रेक दाबून उभी राहिले. मागे एक पावाची गाडी, तिच्या मागे आणखी सहा, सगळ्यांचे हॉर्न! शेवटी पावाच्या गाडीवाला उतरून खिडकीशी आला.

“मॅम, आर यू ओके?”

“नो,” मी खरं ते सांगितलं.

तो भला माणूस हसला, हायवेच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात हलवत त्याने मला फट करून दिली. मी त्याला अजून दुवा देते. पण तो रोज सकाळी कुठून आणायचा?

घरी आल्यावर हे जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. रॅम्पची लांबी, ट्रकचं वजन, लागणारा वेग अशी काहीतरी आकडेमोड केली आणि चष्मा काढून म्हणाले, “वसू, यात तुझी काहीही चूक नाही.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिथेच मला संशय यायला हवा होता.

“रॅम्प आखूड आहे आणि इंजिन मरतुकडं आहे,” हे म्हणाले. “रॅम्प आपल्या हातात नाही.”

“आणि त्या ट्रकमध्ये थंडी किती वाजते ते लिहिलंत का? हीटरमधून कुणी फुंकर मारल्याएवढी हवा येते. नोव्हेंबरात माझी कुल्फी होईल.”

“हो, हो. ब्लोअर बसवायचाच आहे,” हे कागदातून मान वर न काढता म्हणाले.

ब्लोअर! मला इतकं बरं वाटलं! बायकोला थंडी वाजते हे नवऱ्याच्या आधीच लक्षात आलंय, आणि तेही पुण्याच्या नवऱ्याच्या! मी फोन करून मंडळातल्या निदान पाच जणींना सांगितलं की हे माझ्यासाठी ब्लोअर बसवताहेत. त्यातल्या दोघींनी आपापल्या नवऱ्यांना त्यावरून बोलून घेतलं, असं नंतर कळलं.

ह्या कामात ह्यांचा जोडीदार होता आमचा शेजारी गॅरी. हा दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडायचा आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची. त्याला गाड्या पळवण्याचा नाद होता, आणि त्याच्या गॅरेजमध्ये चारपाच वर्षं धूळ खात पडलेला एक ब्लोअर होता. दोघांनी दोन शनिवार-रविवार ट्रकचा जबडा उघडून काम केलं. मी चहा-चकली घेऊन गेले तर बॉनेटला चांगलं मोठं भोक पाडलेलं, आणि त्यातून एक चकचकीत धूड डोकं वर काढून बसलेलं.

“अहो, हा ब्लोअर?”

“हो!” ह्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा फुलला होता.

“बाहेर का बसवलाय? मी तर आत बसणार.”

“अगं, बाहेरची हवा ओढून आत कोंबायची असते.”

“आणि गरम होते ना ती?”

“होते ना! चांगली गरम होते. तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“प्रॉब्लेम कसला? तेच तर हवंय!”

ह्यांनी गॅरीकडे पाहिलं, गॅरीने ह्यांच्याकडे पाहिलं. “तू ॲक्सिलरेटर जेवढा दाबशील,” हे मला समजावत म्हणाले, “तेवढा ब्लोअर जोरात फिरणार. बाकी तू काही करायचं नाही.”

मला हे फारच सोयीचं वाटलं. मी दोघांना आणखी एकेक चकली वाढली.

मग आला दसरा. आदल्या दिवशी खंडेनवमीला मी घरातली सगळी हत्यारं पुजली. विळी, मिक्सर, ह्यांचे पाने आणि नवा ब्लोअर. त्याला हळदकुंकू लावलं, अंगणातल्या झेंडूचा हार घातला. आपट्याची पानं इथे कुठली, म्हणून मेपलचं एक लाल पान सोनं म्हणून वाहिलं. दुसऱ्या दिवशी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हे खुर्च्या मांडायला कार घेऊन पुढे गेलेले. मागून मी ट्रक घेऊन निघाले आणि वाटेत कुंदावहिनींना घेतलं. वहिनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, अंगावर पैठणी, आणि मांडीवर चाळीस माणसांच्या श्रीखंडाचं पातेलं.

“वसुधा, काय गं हे! हाडं गोठली माझी,” वहिनी कुडकुडत म्हणाल्या.

“थांबा वहिनी, आता बघा गंमत. ह्यांनी ब्लोअर बसवलाय माझ्यासाठी.”

सिग्नल हिरवा झाला. समोरचा रस्ता मोकळा होता. वहिनींना थोडीथोडकी नव्हे, चांगली भरपूर गरम हवा मिळावी म्हणून मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बॉनेटमधून कुणीतरी किंचाळल्याचा आवाज आला. माझी पाठ सीटला चिकटली. झेंडूच्या पाकळ्या काचेवरून मागे उडाल्या. वहिनी आडव्या झाल्या, पातेल्याचं झाकण मागच्या काचेवर आपटलं, आणि त्या सगळ्या गोंधळात अध्यक्षीणबाई जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, “अगं हीटर बंद कर! वसुधा, हीटर बंद कर आधी!”

श्रीखंड पंधरा माणसांना पुरलं. बाकीचं पैठणीला लागलं होतं. वहिनींनी भाषण कोट घालूनच केलं आणि घरी जाताना दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत बसल्या.

घरी आल्यावर मी कमरेला पदर खोचला.

“काय बसवलंय ते सरळ सांगा.”

“ब्लोअर,” हे गोंधळून म्हणाले. “म्हणजे सुपरचार्जर. त्यालाच ब्लोअर म्हणतात. तुला सांगितलं तर होतं.”

“मग गरम हवा कुठाय?”

“ती इंजिनला जाते.”

“इंजिनला! आणि मला?”

ह्यांनी मग नीट समजावलं. लोहार भात्याने हवा मारतो आणि निखारा फुलतो, तसा हा इंजिनचा भाता. म्हातारा ट्रक तरण्यासारखा पळेल, आखूड रॅम्पवरही पासष्टला पोचेल आणि मी आरामात मर्ज होईन. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, “मर्ज व्हायची भीती होती, ती होतीच. आता ट्रकचीही भीती बसली. उद्या लॅबला फोन करते आणि नोकरी नको म्हणून सांगते.”

हे खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, “वसू, मला एक रविवार दे. सोमवारी तुझी नोकरी आहे, आदल्या रविवारी गॅरी गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जातोय. तू चल. तिथून आल्यावरही नको वाटलं, तर मी स्वतः फोन करीन त्यांना.”

त्यांचा आवाज इतका कधी उतरला नव्हता. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मी गरम कोट, साडी, खाली बूट असा जामानिमा करून, पोळीभाजीचा डबा घेऊन निघाले. निघताना चाकांखाली ठेवायला चार लिंबं काढली होती, पण घाईत ती पर्समध्येच राहिली. नवीन यंत्र बसवल्यावर गाडी प्रथमच लांब निघाली होती, म्हणून वाटभर माझ्या जिवाला रुखरुख लागली.

ट्रॅकवर पोचलो आणि मी बघतच राहिले. पाव मैलाचा सरळसोट रस्ता. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहताहेत, इशारा झाला की सुटताहेत, आणि शेवटी कुणीतरी वेळ पुकारतोय. खाण्याच्या टपऱ्या, धूर, आरडाओरडा.

“अहो!” मी ह्यांचा दंड धरला. “हा तर शंकरपट!”

“काय?”

पुण्याच्या माणसाला काय कळणार! आमच्याकडे सुगीनंतर बैलांच्या जोड्यांची शर्यत लागते, तो पट. छोटी हलकी छकडी, तिला दोन बैल, सरळ दाणीवरून, म्हणजे पळायच्या पट्टीवरून, एकच पळ, आणि घड्याळ हातात घेऊन उभे असलेले पंच. माझ्या मामांकडे पटाची जोडी होती. लहानपणी मी त्यांच्या बैलांना सरकीची ढेप चारलीय, शिंगं रंगवलीत. फक्त छकडीवर बसू दिलं नाही कुणी, मुलगी म्हणून. मी ह्यांना हे सगळं सांगितलं आणि नीट दिसावं म्हणून पुढे सरकले.

पाळी ह्यांची आली. हेल्मेट घालून हे ट्रकमध्ये बसले. मी आणि गॅरी मदतनीस म्हणून चालत सोबत. रेषेच्या अलीकडे एक मनुष्य प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकांशी पाणी ओतत होता. मला गहिवरून आलं. चाकांवर पाणी! म्हणजे ह्यांच्यातही आहे तर! (ते चाकं तिथे फिरवून तापवण्यासाठी असतं, हे मला अर्ध्या तासाने कळलं.) त्याचं पाणी झालं, आता राहिलं ते आपण करावं, म्हणून ट्रक रेषेवर उभा राहताच मी पर्स उघडली आणि चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवून आले. नमस्कारही केला.

गॅरी पलीकडच्या बाजूला होता. ह्यांचे डोळे समोरच्या दिव्यांवर होते. हिरवा लागला आणि ह्यांनी दाबला.

मागची दोन्ही चाकं लिंबावर चढली आणि जागच्या जागी गरगरा फिरली! रस चारी दिशांना उडाला. ट्रक पुढे जायच्या ऐवजी पार्श्वभाग हलवत बाजूला सरकला, मग कसाबसा सरळ होऊन गेला. रेषेवरच्या पांढऱ्या शर्टातल्या साहेबांच्या छातीवर दोन बिया चिकटल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि अख्खी शर्यत थांबली.

तिथे जमिनीवर कसलाही द्रव सांडणं म्हणजे महापाप. पुसल्याशिवाय पुढची गाडी सोडत नाहीत. झाडू आले, पोत्याने भुकटी आली. साहेब माझ्याकडे आले.

“मॅम, व्हॉट इज दॅट फ्लुइड?”

“लेमन.”

“द ट्रक इज लीकिंग लेमन?”

“नो, नो. आय पुट. अंडर व्हील. फॉर गुड लक.”

साहेबांनी टोपी काढली. ट्रककडे पाहिलं, सालींकडे पाहिलं, स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

“डिड इट वर्क?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात कर्ण्यावरून घोषणा झाली की डाव्या बाजूला लिंबाचा रस सांडल्यामुळे थोडा उशीर होत आहे. अमेरिकेत भिकार गाडीला लेमन म्हणतात. घोषणेवाल्याने तेवढ्यावर तीन विनोद केले, आणि बाकावरची सगळी माणसं उभी राहून आमचा ट्रक बघायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धरणी भुकटीने झाकलेली होती.

ह्यांना वेळ लागला अठरा सेकंद. “ब्लोअर नसताना सतरा लागायचे,” गॅरीने मला हळू आवाजात सांगितलं. म्हणजे हे दोघं मला न सांगता आधीही येऊन गेले होते! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटांकडे बघत होते.

“पंधराच्या आत आणायचाय गं,” हे म्हणाले. “पंधराच्या आत म्हणजे रॅम्पचा प्रश्नच मिटला.”

दुसऱ्या खेपेला, लिंबाशिवाय, पंधरा पॉइंट दोन. आता एकच खेप उरली, आणि त्या दिवसानंतर ट्रॅक वसंतापर्यंत बंद. हे आणि गॅरी ट्रकभोवती फिरत होते. मागच्या हौद्यातलं सुटं टायर उतरवलं, पाने उतरवले, माझा पोळीभाजीचा डबासुद्धा उतरवला. मग ह्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. वरपासून खालपर्यंत.

“वसू, तुझं वजन किती?”

चारचौघांत! पण मी मामांची भाची होते. पटात छकडी हाकतो त्याला धुरकरी म्हणतात, आणि तो नेहमी हलका बघतात.

“धुरकरी हलका पाहिजे, असंच ना? मग तसं बोला की. पण मला जमणार नाही.” मी दोन पावलं मागे सरकले. “आणि आधी एक खरं सांगा. हा ब्लोअर माझ्यासाठी बसवलात, का तुमच्या पंधरा सेकंदांसाठी?”

ह्यांनी विचार केला. ह्यांना खोटं बोलता येत नाही, खरं सांगायला तेवढा वेळ लागतो.

“सुरुवात तुझ्यासाठीच केली,” हे म्हणाले. “मग हात चालत गेले. पण वसू, इकडे बघ. समोर कुणी नाही. मागून कुणी येणार नाही. डावीकडून कुणी घुसणार नाही. दिवा हिरवा झाला की दाबायचं, बस. हा रॅम्पच आहे. फक्त लांब आहे, आणि त्याच्या टोकाला हायवेच नाही.”

मी रस्त्याकडे पाहिलं. खरंच होतं ते.

हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. पदर खोचला, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. तपासणीच्या माणसाने नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं, पण त्यात साडीचा उल्लेखच नव्हता. पांढऱ्या शर्टातले साहेब खिडकीशी आले.

“नो मोअर फ्रूट, मॅम.”

“नो फ्रूट,” मी रिकामी पर्स उघडून दाखवली.

“वॉच द ट्री.”

मी झाड शोधायला लागले. आजूबाजूला एक झुडूपसुद्धा नव्हतं! पलीकडच्या रांगेत लाल गाडीतला मिशीवाला माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे लागायला लागले आणि त्या खांबालाच झाड म्हणतात हे कळलं. हिरवा लागला.

मी दाबलं.

ब्लोअर किंचाळला, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा आवाज माझा होता. “चल रे राजाऽ! हो रे हो रे होऽऽ!” मामा ओरडायचे तसं मी ओरडत होते. रस्ता अंगावर धावून येत होता आणि मला भीती वाटायला सवडच मिळाली नाही. लाल गाडी माझ्या पुढे निघून गेली. जाऊ दे गेली तर. पलीकडची रेषा ओलांडल्यावर मी पाय उचलला, ब्रेक लावला. दोन्ही गाड्यांना परतीच्या एकाच अरुंद रस्त्यावर वळायचं होतं. मी इंडिकेटर दिला, खांद्यावरून मागे पाहिलं आणि लाल गाडीच्या मागे लागले. वाटेत एका खोपटात बसलेल्या बाईने खिडकीतून हात बाहेर काढून एक चिठ्ठी दिली. चौदा पॉइंट नऊ सेकंद. शेवटचा वेग एक्क्याण्णव मैल.

हे धावत आले. पुण्याचा माणूस सार्वजनिक ठिकाणी धावताना मी तेव्हाच पाहिला. मी चिठ्ठी पुढे केली, तर ह्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

“वसू! तू इंडिकेटर दिलास!”

“मग? द्यायचा नसतो का इथे?”

“अगं, मागे वळून बघितलंस आणि त्याच्या मागे घुसलीस! मर्ज झालीस तू!”

आणि हे रडायला लागले. गॅरीने खिशातून दातांच्या दवाखान्यातला कागदी रुमाल काढून दिला. मग मीही रडले, मग गॅरीने मलाही एक दिला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या लॅबमध्ये काम केलं. तिथूनच निवृत्त झाले. मला त्या पावाच्या गाडीवाल्याबद्दल कृतज्ञता वाटते, गॅरीबद्दल वाटते, टोपी काढणाऱ्या साहेबांबद्दल वाटते. कुंदावहिनींबद्दलही वाटते, कारण पैठणीबद्दल त्यांनी मला कधी बोल लावला नाही. (हीटरबद्दल लावतात.) पण सगळ्यात जास्त ह्यांच्याबद्दल. कारण आजूबाजूचे सगळे तेव्हा म्हणत होते की वसुधाला हायवे झेपणार नाही. ह्या माणसाने ‘झेपणार नाही’ हे फक्त इंजिनला म्हटलं, मला एकदाही नाही. असा नवरा मिळाला हे माझं भाग्य, आणि ते मी इथे छापून ठेवते आहे.

पण सोमवारचं सांगायचं राहिलंच.

सोमवारी सकाळी मी साखर खाऊन निघाले. रॅम्प आला. मी इंडिकेटर दिला, मागे पाहिलं, दाबलं, आणि लोण्यात सुरी जावी तशी हायवेवर गेले. आनंदाने मी रडायचीच बाकी होते! पाय काही उचलला गेला नाही. थोड्या वेळाने आरशात निळे-लाल दिवे दिसायला लागले. मी बाजूला घेऊन थांबले. टोपीवाला तरुण पोलिस चालत खिडकीशी आला.

“मॅम, डू यू नो हाऊ फास्ट यू वेअर गोइंग?”

आता माझं काय चुकलं सांगा! आदल्याच दिवशी मला शिकवलं होतं की जोरात जायचं, थांबायचं, आणि मग खिडकीतून कुणीतरी येऊन वेग लिहून देतं. मी खिडकीतून हात बाहेर काढला, हसले आणि म्हटलं, “नो. प्लीज गिव्ह मी द स्लिप.”

त्याने दिली. मी थँक यू म्हटलं.

नोकरीवर मी वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचले. संध्याकाळी हे घरी आल्यावर मी ते दंडाचं तिकीट ह्यांच्यापुढे ठेवलं आणि खाली मान घालून उभी राहिले. ह्यांनी फ्रिजवरची कालची चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघितले.

“वसू, अठ्ठ्याहत्तरच?” हे काळजीने म्हणाले. “काल एक्क्याण्णव होते. तेरा मैल कुठे गेले?”

“लिंबं ठेवायची राहिली ना,” मी म्हटलं.